बिनखुणेचा गोळा

१

थंड खोलीचं दार उघडल्याबरोबर दीपालीला वाटलं, मागं कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करून उभा केलाय. डिझेलचा वास आला. तिनं वळून पाहिलं. अंगणात ट्रॅक्टर नव्हता, जनरेटर बंद होता, आणि वास समोरून येत होता, खोलीतून.

फळ्यांवर ओल्या मलमलीत गुंडाळलेले खव्याचे गोळे काल संध्याकाळी मांडले तसेच ओळीनं बसले होते. एकही जागचा हलला नव्हता. तिनं हाताशी आलेला एक उचलला, नाकाशी नेला आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. दुसरा उचलायचं काही धाडस झालं नाही.

आता लांबचा कुणी म्हणेल, खवाच तो, आज नासला तर उद्या आटवा. त्या शहाण्यानं भूमला यावं आणि ऐन उन्हाळ्यात दूध गोळा करून दाखवावं. दीपालीची भट्टी गावाबाहेरच्या वस्तीवर. नवरा गेल्यापासून ती एकटी ओढत होती, आणि ओढता ओढता तिच्या नाकी नऊ आले होते. बाजारात पावडरीचा स्वस्त खवा आलेला. वस्तीवरच्या बाया दुधाच्या घागरी घेऊन डेअरीच्या गाडीकडं वळायला लागलेल्या. अशात पुण्याच्या एका मोठ्या मिठाई कंपनीनं कराराची तयारी दाखवली, तेव्हा दीपालीला वाटलं, येडेश्वरी देवीच पावली. कंपनीचा माणूस आज दुपारी येणार होता. पहिला माल बघायचा, चाखायचा आणि सही करायची. तो सगळा माल आता तिच्यासमोर डिझेलात भिजून बसला होता. करार गेला की भट्टी विझणार. आणि विझलेली भट्टी परत पेटत नाही, हे तिनं आजूबाजूला पाहिलं होतं.

"काय झालं, बेटा?"

फकरुद्दीन चाचा मागं येऊन उभे होते. भट्टीचे कारागीर. सासऱ्यांच्या काळापासून कढई त्यांच्याच हातात. या भट्टीच्या खव्याची चव चाचांच्या हाताला आहे, असं गिऱ्हाईकच म्हणायचं.

दीपालीनं नुसतं आत बोट दाखवलं. चाचा आत गेले. एकेक गोळा उचलून हुंगत खालच्या फळीपासून वर गेले. वरच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यातला गोळा त्यांनी हातात घेतला, हुंगला, परत हुंगला. मग दाराकडं बघत राहिले. तो गोळा त्यांनी होता तिथं अगदी हळू ठेवला आणि बाहेर येऊन लाकडांच्या ढिगावर टेकले.

"चाचा, कुणी केलं असंल?"

"म्या काय सांगू, बेटा."

एरवी दुधात पाणी घातलेलं दिसलं तरी अख्खी वस्ती गोळा करणारा माणूस. आज त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघेना.

एवढ्यात तिचा दीर कुमार मोटारसायकलवरून आला. येरमाळ्याला हायवेच्या कडेला त्याचं पेढ्याचं दुकान. रोज सकाळी खवा न्यायला यायचा. त्यानं खोली पाहिली, मग कुलूप पाहिलं, उलटंपालटं करून.

"वहिनी, कुलूप फोडलेलं नाही. किल्लीनं उघडलंय. किल्ली कुणाकुणाकडं आहे?"

हे काय विचारायचं होतं? एक कुमारकडं, एक चाचांकडं, एक घरात देवघराशेजारच्या खिळ्याला.

"काल संध्याकाळी मी दुकानावर होतो, चार माणसं सांगतील. तुम्ही सगळे खालच्या वस्तीला हळदीला गेला होता. घरातल्या किल्लीला कोण हात लावणार, आई घरातच होती. तिच्या गुडघ्यांनी तिला कुठं सोडलंय." कुमार थांबला आणि लाकडांच्या ढिगाकडं वळला. "मग राहिलं कोण?"

चाचांनी मान वर केली नाही.

२

घर वरच्या अंगाला होतं, भट्टी खाली उताराला. मधे दगडी पायऱ्या. या पायऱ्यांनीच दीपालीच्या सासूला, नागूबाईंना, भट्टीपासून तोडलं होतं. दसऱ्याच्या आधीपासून म्हातारी खाली उतरली नव्हती. नाहीतर ही भट्टी तिचीच. तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन भूमच्या आठवडी बाजारात खवा विकायला बसलेली बाई ती.

दीपाली पायऱ्या चढून वर आली तेव्हा सासू बाजेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होती. गुडघे आज जास्तच सुजलेले दिसत होते.

"आत्या, खवा गेला. कुणीतरी डिझेल ओतलं."

नागूबाईंचा हात थांबला. "समदा?"

"सगळा."

"देवीनं तिचा वाटा राखला असंल," म्हातारी म्हणाली. "तिचा ती राखतीच."

पण देवीचा वाटा राखला गेला नव्हता.

हे सांगायला हवं. या भट्टीवर कढईतून निघालेला पहिला गोळा येडेश्वरीचा. मंगळवारी कुमार तो येरमाळ्याला देवळात नेतो. बाकीच्या भट्ट्यांवर देवीच्या गोळ्याला हळदकुंकू लावतात, पान ठेवतात. नागूबाईंनी मात्र पहिल्यापासून दंडक घातला होता की खूण करायची नाही. ज्याला जागा ठाऊक त्याला ठाऊक. कारण विचारलं की म्हणायच्या, "खूण केली की बाकीच्या गोळ्यात हात आखडतोय. देवीचा कोन्चा, गिऱ्हाईकाचा कोन्चा, हे कळाया नगं, मंग समदेच चांगले व्हत्यात." म्हातारीनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण ह्या एका नियमावर भट्टीचं नाव चाललं होतं.

तर तो देवीचा गोळा खालच्या फळीवर दाराजवळ होता, आणि तोसुद्धा डिझेलात भिजला होता. सकाळी दीपालीनं उचलून हुंगला तो हाच. पण हे सासूला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं पदरानं डोळे पुसले.

"पानी पी," सासू म्हणाली आणि बाजेखालचा स्टीलचा पेला पुढं केला.

बाहेर फाटकाशी आवाज झाला. वस्तीवरची चार-पाच माणसं आत येत होती, आणि कुमार त्यांच्या पुढं होता.

३

"वहिनी, पोलिसात देऊ या. आत्ताच्या आत्ता. कंपनीचा माणूस यायच्या आत निकाल लावला तर करार वाचेल."

"कुणाला देता?"

"कुणाला म्हणजे? देवीचा वाटा निघतो त्या मालावर डिझेल ओतायला आपल्यातला माणूस धजेल का?"

वाक्य अंगणात पडलं आणि कुणीच ते उचललं नाही. पण खोटंही कुणी म्हणालं नाही. ह्याच कुमारला लहानपणी चाचांनी खांद्यावर बसवून उरूस दाखवला होता.

"अरे, काय सभा भरलीय? मला पावशेर खवा पाहिजे होता."

आण्णासाहेब गुरुजी. निवृत्त मास्तर, इतिहासाचे. अर्धा जन्म पोरांना गड शिकवले, आणि निवृत्त झाल्यावर तेच गड दुकानदारांना शिकवायला लागले. 'गडावरून गल्ल्यावर' असं त्यांच्या व्याख्यानाचं नाव. खंदकातून उधारी शिकवायचे, तटबंदीतून भाव. लोक मागं हसायचे, की गुरुजींना पाणी मागा, विहिरीचा इतिहास मिळेल. गेल्याच आठवड्यात बचत गटाच्या बायांसाठी दीपालीच्याच अंगणात त्यांचं व्याख्यान झालं होतं. नागूबाई बाजेवर बसून पहिल्या रांगेत होत्या.

"गुरुजी, खवा नाही आता," दीपाली म्हणाली, आणि शाळेत रडायची तशी रडली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कुमारला म्हणाले, "पोलीस पळून जात नाहीत. दुपारपर्यंत थांब. मला ती खोली बघू दे."

जाता जाता त्यांनी पाणी मागितलं. नागूबाईंनी तोच पेला पुढं केला.

"तांब्या-फुलपात्राचं घर हे, नागूबाई. आज पेला?"

"आसंल कुठंतरी तांब्या," म्हातारी म्हणाली.

गुरुजी खोलीत बराच वेळ होते. दीपाली दारात उभी. गुरुजी गोळ्यांना हात न लावता नुसते वाकून बघत होते.

"दीपाली, तू डिझेल ओतलं असतंस तर कसं ओतलं असतंस?"

"मी कशाला ओतीन, गुरुजी?"

"समज."

"कॅन उचलला असता आणि उपडा केला असता."

"कॅन कुठाय?"

जनरेटरशेजारी होता. जड, रुंद तोंडाचा, जवळजवळ भरलेला. त्याच्या बुडाशी साचलेली धूळ हललेली नव्हती.

"ओतलेलं नाही हे," गुरुजी म्हणाले. "शिंपडलंय. सकाळी दारात सडा घालतात ना, तसं. प्रत्येक गोळ्यावर सारखं. रागानं ओतणारा माणूस असा हात ठेवत नाही." ते मागं सरले. "आणि दुसरं काहीतरी आहे इथं. पण आधी मला सांग, ह्या करारात काय काय लिहिलंय?"

सगळा खवा कंपनीला. बाजारात विकायचा नाही, दुकानांना द्यायचा नाही. नाव कंपनीचं. पाच वर्षं.

"म्हणजे कुमारच्या दुकानाला खवा बंद."

दीपालीनं मान हलवली.

"टेम्पोवाल्या बालाजीचं भाडं बंद. पुढं कढईऐवजी यंत्र आलं की फकरुद्दीनचा हात बंद. मग हा करार होऊ नये असं वाटणारं माणूस शोधायला मी कुठं जाऊ? सगळा गडच भरलाय. तू यातल्या एकाला तरी विचारलं होतंस?"

तिनं कुणालाच विचारलं नव्हतं. विचारायला सवड कुठं होती? बुडणारा माणूस दोर कुणाचा आहे ते विचारत नाही.

४

बालाजी आला तोच हात जोडून. काल संध्याकाळभर तो हळदीच्या पाहुण्यांना टेम्पोतून ने-आण करत होता, त्याच्याकडं किल्ली नव्हती, आणि त्याला एकच घोर होता. "गुरुजी, आता टेम्पोचं काय? करार झाला तरी माझं मरण, न्हाय झाला तरी मरण."

"देवीचा गोळा कोणता असतो, ठाऊक आहे का तुला?"

"देवीचा येगळा असतोय?" बालाजीनं विचारलं.

गुरुजींनी त्याला सोडलं. कुमारला मात्र त्यांनी उभं धरलं.

"मंगळवारी गोळा तूच नेतोस ना देवळात? कुठून उचलतोस?"

"खालच्या फळीवरनं. दाराजवळचा."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. आधी वर उजव्या कोपऱ्यात असायचा. तिथं एसीचं पाणी टिपकायला लागलं म्हणून चाचानं देवीचा खाली हलवला, तिथं आता कुठलाही असतो." कुमारचा आवाज चढला. "गुरुजी, तुम्ही आम्हालाच तपासताय. ज्याच्याकडं किल्ली, जो गप्प बसलाय, त्याला तपासा की."

चाचांशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. लाकडांच्या ढिगावर ते सकाळपासून बसून होते.

"फकरुद्दीन, काल कुलूप लावून कुठं गेलास?"

"मशिदीत. मंग घरी."

"तू केलंस का हे?"

"न्हाय."

"कुणी केलं, ठाऊक आहे?"

चाचा खाली मातीकडं बघत राहिले. "गुरुजी, म्या पोरगा व्हतो तवा ह्या घरात आलो. खवा घोटाया ह्याच घरानं शिकीवलं, त्याचं मीठ हाय अंगात. मला काय इचारू नका."

कुमार हे ऐकत होता. "बघा," तो म्हणाला, "बोलत नाही म्हणजे कबूलच."

दुपार व्हायला आली होती. कंपनीचा रुद्रेश येरमाळ्यापर्यंत आल्याचा फोन दीपालीला येऊन गेला होता. अंगणातली माणसं वाढली होती. कुणीतरी चाचांच्या मुलीला, आरजूला, निरोप पाठवला होता की बापाला घरी घेऊन जा, इथं बरं चाललं नाही. दीपालीचं डोकं चालेनासं झालं. तिला एवढंच दिसत होतं की गाडी येतेय आणि भट्टी जातेय. ती चाचांसमोर गेली आणि हात पुढं केला.

"चाचा, किल्ली द्या."

चाचांनी तिच्याकडं पाहिलं. कमरेची किल्ली सोडली, तिच्या हातात ठेवली आणि पायजम्याची माती झटकून उठले.

आपल्याच भट्टीवर आपण पाणी ओतलं, हे दीपालीला किल्ली मुठीत आल्याबरोबर कळलं. पण हात मागं घ्यायची तिला ताकद नव्हती.

"थांब रे, फकरुद्दीन," गुरुजी म्हणाले. "कुठं जाऊ नकोस. दीपाली, तू माझ्याबरोबर आत ये. एकटीच."

५

खोलीत गुरुजींनी वरच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यातला गोळा उचलून तिच्या हातात दिला.

"हुंग."

तिनं हुंगला. दुधाचा वास आला. आटलेल्या दुधाचा, किंचित धुराचा, चाचांच्या हातचा. बाकी काही नाही.

"हा एकच कोरडा आहे," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांना डिझेल, ह्याला नाही. का?"

"राहिला असंल चुकून."

"शेजारचा बघ, भिजलाय. अलीकडचा भिजलाय. ह्याच्यावर हात थांबलाय. शिंपडणाऱ्यानं हा वाचवला. नुसता राग असता तर एकही सुटला नसता. परका असता तर देवीचा गोळा असतो हेच त्याला ठाऊक नसतं, बालाजीला नाही तसं. हे माणूस देवीला भिणारं आहे. देवीचा गोळा कोपऱ्यात असतो, हे ठाऊक असलेलं आहे."

"पण देवीचा तर..." दीपाली बोलता बोलता थांबली.

"बोल."

"देवीचा आता खाली असतो. दसऱ्यापासून."

"चाचानं स्वतःच्या हातानं हलवला, त्याला ठाऊक. कुमार दर मंगळवारी खालचा उचलतो, त्याला ठाऊक. तू रोज आत येतेस. मग भट्टीचा रिवाज ज्याला पाठ आहे, पण दसऱ्यापासून ज्यानं ह्या खोलीत पाय ठेवला नाही, असं कोण आहे, दीपाली?"

तिच्या डोळ्यांसमोर सुजलेले गुडघे आले. तेलाची वाटी आली. स्टीलचा पेला आला. ज्या घरात पाहुण्याला तांब्याशिवाय पाणी दिलं नाही, त्या घरात तांब्या नव्हता. कॅनमध्ये बुडवून डिझेल भरलेल्या तांब्यातून परत पाणी कोण पिणार?

"किल्ली खिळ्याला होती," ती कसंबसं म्हणाली. "आत्या घरात होत्या म्हणून किल्लीला धोका नाही, असं आम्ही धरून चाललो."

"पहारेकऱ्याला कुणी मोजत नाही," गुरुजी म्हणाले. ते तिच्याकडं बघत नव्हते. "आणि फकरुद्दीनला सकाळी हा गोळा हातात घेतल्या घेतल्याच कळलं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

६

रुद्रेश तरुण होता, बोलायला गोड. त्यानं खोली पाहिली, नाकाला रुमाल लावला, अंगणातल्या माणसांकडून हवं ते ऐकलं, आणि दीपालीला बाजूला घेतलं.

"मॅडम, अशा गोष्टी होतात. आम्ही आठवडा देऊ, नवीन माल बनवा. करार तसाच राहील. फक्त तो माणूस उद्यापासून भट्टीवर नको. कंपनीला जोखीम नको असते."

हातातोंडाशी येऊन निसटलेला घास परत आला होता. दीपालीला फक्त गप्प बसायचं होतं. सासू वाचली असती, करार वाचला असता, भट्टी वाचली असती. आणि ज्याच्यावर नाव जाणार होतं तो माणूस स्वतःच तोंड उघडायला तयार नव्हता.

चाचा जवळच होते. त्यांनी ऐकलं होतं. "सही कर, बेटा," ते हळूच म्हणाले. "म्या जातो. माझं काय, कुठंबी कढई मिळंल."

तिला चाचांच्या डोळ्यांत बघवेना. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. आपण खरंच सही करू, अशी तिला स्वतःची भीती वाटली.

"डिझेल चाचांनी टाकलं नाही," ती म्हणाली.

"मग कोणी टाकलं?"

तिनं मुठीतल्या किल्लीवर अंगठा फिरवला.

"मॅडम, नाव सांगा. नाहीतर मी ऑफिसला काय सांगू?"

"नाव मी सांगणार नाही. पण चाचा भट्टीवरून हलणार नाहीत. खवा त्यांच्या हातचा आहे."

रुद्रेशनं कागद परत बॅगेत घातले, नमस्कार केला आणि गेला. कुमार कपाळाला हात लावून पायरीवर बसला. अंगणातली माणसं पांगली, पण तोंडात तेच नाव घोळवत पांगली.

दीपालीनं किल्ली चाचांच्या हातात परत ठेवली. "माफी मागायला तोंड नाही मला," ती म्हणाली. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग ती कोरडा गोळा घेऊन पायऱ्या चढली. मागून गुरुजी आले. नागूबाई बाजेवर तशाच होत्या.

"आत्या, हा तुम्ही राखलात."

म्हातारीनं गोळ्याकडं पाहिलं. खोटं बोलायचा तिनं प्रयत्नही केला नाही. "देवीचा हाय त्यो. त्याला कसा हात लावीन म्या?"

"का केलंत, आत्या?"

"गुरुजीनीच सांगितलं न्हवं का अंगणात? गड जायाची येळ आली की आतली मानसं आधी आपल्या हातानं धान्य जाळत्यात. दुश्मनाच्या हाती काय लागू द्येत न्हाईत." "म्या बाजारात बसलेली बाई हाय, दीपाली. धा गिऱ्हाईकं असली की एक रुसलं तर चालतंय. एकच गिऱ्हाईक धरलं की त्येच मालक व्हतंय. तू गडाची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायला निघाली व्हतीस. आपलं नावबी घालवून."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं की. तू म्हनलीस, आत्या, तुमाला न्हाय कळायचं त्यातलं."

खरंच म्हणाली होती. दीपालीला ते आठवलं, आणि म्हणताना आपण करार चाळत होतो, मान वर केली नव्हती, हेही आठवलं.

"बसत बसत उतरले पायऱ्या," म्हातारी म्हणाली. "वाटलं, कुनी चोरानं केलं म्हनत्याल, करार मोडंल, परत दूध आटवू. फकरूवर नाव जाईल हे डोक्यातच आलं न्हाय. सकाळधरनं जिभेला गाठ पडलीया."

गुरुजी खाली मान घालून उभे होते. "त्या वाक्याला टाळ्या पडल्या म्हणून मी तिथंच थांबलो," ते म्हणाले. "पुढचं सांगायचं राहिलं. धान्य जाळल्यावर गडावरची माणसं काय खातात, ते."

नागूबाईंनी हात पुढं केला. "आन तो हिकडं. देवीचा हाय. मंगळवारी पोचवू, तिची माफी मागू. तेवढं तरी राहिलं."

आता सांगावंच लागणार होतं. दीपाली बाजेजवळ खाली बसली.

"आत्या, हा देवीचा नाही. कोपऱ्यात एसीचं पाणी गळायला लागलं, म्हणून दसऱ्यापासून चाचा देवीचा गोळा खालच्या फळीवर ठेवतात. पाणी पडू नये म्हणून. तो भिजला."

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. मग स्वतःच्या हातांकडं. आयुष्यभर ज्या हातांनी पहिला गोळा देवीला काढला, ते हात तिनं लुगड्यात खुपसले, आणि तोंडातून आवाज न काढता रडली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खवा तर नव्हताच, पण करार मोडल्याचं ऐकून बायांचं दूधही आलं नाही. भट्टी गार पडली होती, आणि दीपालीला राखेकडं बघवत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी नागूबाईंनी हाक मारली.

"तो गोळा हाय का अजून?"

"आहे."

"पाटीत घाल. मला बाजारात ने."

बालाजीनं टेम्पोत खाली गोधडी घातली. दीपाली आणि चाचांनी म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरून भूमच्या आठवडी बाजारात, ती पूर्वी बसायची त्या लिंबाखाली बसवलं. समोर पांढरं फडकं, फडक्यावर एकच गोळा. लोक बघत होते. बातमी अख्ख्या बाजारात पसरलेली होती. चाचा जरा लांब, विजेच्या खांबाआड उभे राहिले.

पहिलं गिऱ्हाईक आलं, जुनं, ओळखीचं. त्यानं गोळ्याकडं पाहिलं, मग खांबाकडं पाहिलं, आणि वाकून विचारलं, पण शेजारच्या भाजीवालीला ऐकू जाईल एवढ्यानं.

"नागूबाई, त्या फकरुद्दीननं डिझेल वतलं म्हनं तुमच्या खव्यावर?"

नागूबाईंनी तराजू उचलला. पारडं तिनं सरळ केलं.

"म्या वतलं," ती मोठ्यानं म्हणाली. "हा त्याच्या हातचा हाय. चाखून बघा."